चौऱ्याहत्तर नंबरची बेल

कान आणि बोटं यांच्यामध्ये डोकं आणायचं नाही. टायपिंगच्या वर्गातल्या बाई हे वाक्य रोज फळ्यावर लिहायच्या. त्याला तीस वर्षं झाली. ताईंची बोटं अजून ते पाळतात.

*

मुलीचा बूट, डाव्या पायाचा, पिवळा. बंद नाहीत, चिकटपट्टी आहे. पाच वर्षांच्या पायाचं माप.

*

‘सदर पत्त्यावरील घरातील संगणकांत दुरून प्रवेश करण्यास, त्यांतील मजकूर पाहण्यास व नोंदवण्यास परवानगी देण्यात येत आहे. घरातील व्यक्तींना कळवण्याची आवश्यकता नाही. मुदत साठ दिवस.’

*

चष्म्याच्या दुकानदाराच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यावर हिरवी पट्टी. डावा डोळा आधीपासूनच नावापुरता. गिऱ्हाइकं हसतात, तोही हसतो.

*

कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर जखमेला लावायची पट्टी चिकटवली आहे. कुणी बघायला नको म्हणून. कीबोर्डवर काही चिकटवता येत नाही.

*

मंगळवार, सव्वाअकरा. एक ओळ आली. एक ओळ गेली.

*

मंगळवार, तीन वाजून दहा मिनिटं. बेकरीमागच्या गल्लीत चौऱ्याहत्तर नंबरची बेल वाजली.

१

बुधवारी सकाळी काकू आल्या तेव्हा फुटीसाहेब शेगडीचे बर्नर काढून टाचणीने भोकं साफ करत होते. परीक्षा मंडळात बावीस वर्षं त्यांनी फक्त पेपरफुटीच्या चौकश्या केल्या होत्या. नोकरी संपली, नाव चिकटून राहिलं. काकू त्यांची मामेबहीण. नवऱ्याच्या मारातून पळून आलेल्या बायकांसाठी त्या एक निवारा चालवायच्या आणि सगळ्या जगाच्या काकू होत्या.

“दादा, पेपर फुटलाय.”

“मंडळात जा. मी आता फक्त शेगडीची चौकशी करतो.”

“माझा फुटलाय.”

टाचणी थांबली.

काकूंनी उभ्यानेच सांगितलं. निवाऱ्यातल्या बायकांची नावं कुठेच लिहीत नाहीत. जिच्या फाइलचा जो रंग, ते तिचं नाव. ही जांभळी. पाच वर्षांची मुलगी घेऊन आलेली. शनिवारी अकरा वाजता तिची कोर्टात साक्ष होती, नवऱ्याविरुद्ध. तोवर तिच्यापासून लांब राहायचा त्याला कोर्टाचा हुकूम होता. तरी तिला निवाऱ्यात न ठेवता काकूंनी बेकरीमागच्या गल्लीत एक घर घेतलं होतं. सत्तेचाळीस नंबर.

“काल दुपारी तो आला. बेल वाजवली. पण आमची नाही, चौऱ्याहत्तरची. जांभळीने खिडकीतून पाठ ओळखली. पोरीचा हात धरला आणि बेकरीच्या भट्टीच्या खोलीतून पलीकडच्या रस्त्याला पळाली. पोरीचा एक बूट वाटेत पडला, तो उचलायलाही थांबली नाही.”

“आता कुठे आहे?”

काकूंनी नकारार्थी मान हलवली.

“बरं केलंस,” फुटीसाहेब म्हणाले. “मलाही सांगू नकोस.”

“शेवटचं घर आहे, दादा. यापुढे माझ्याकडे जागा नाही. आणि कुठून फुटलं ते कळलं नाही, तर हेही किती दिवस टिकेल? शनिवारपर्यंत तीन दिवस आहेत. तो एकदा म्हणाला होता तिला, ‘साक्षीला उभी राहशील, पण दातांशिवाय बोलशील कशी?’ दोन तर आधीच पाडलेत.”

“काय करतो तो?”

“पोलिसात आहे. रस्त्यावरचा नव्हे, खुर्चीवरचा. थंड खोलीत बसून काहीतरी कॉम्प्युटरचं काम. घरी कधी बोलायचा नाही.”

“सत्तेचाळीस नंबर कुणाकुणाला माहीत होता?”

“मला. तिला. आणि...” काकू अखेर खुर्चीवर बसल्या. “सोमवारी तिचा जबाब रेकॉर्ड केला. बोलता बोलता तिच्या तोंडून पत्ता निघून गेला. तो रेकॉर्डर मी स्वतः मंगळवारी सकाळी टायपिस्ट ताईकडे नेला, काम होईपर्यंत स्वतः बाहेरच्या खोलीत बसले आणि स्वतः परत आणला. अकरा वर्षं ती आमचे जबाब टाइप करते. आज सकाळी फोनवर तिला एवढंच विचारलं, कालचं काही कुणी पाहिलं का, तर ती बावरलीच. तिच्यावर संशय घ्यायचा म्हणजे मी माझ्या उजव्या हातावर घेण्यासारखं आहे.”

“उजव्या हातावरच आधी घेतात,” फुटीसाहेब म्हणाले. बर्नर पुन्हा बसवताना त्यांचं लक्ष मात्र तिथे नव्हतं. “मला वेगळंच टोचतंय. ज्याला पत्ता मिळाला, तो चुकीच्या दारात का गेला?”

(बुधवार, पावणेदहा. एक ओळ आली. एक ओळ गेली.)

२

चौऱ्याहत्तर नंबरमध्ये एक आजोबा एकटे राहत. सर्कशीच्या बँडमध्ये त्यांनी चाळीस वर्षं ट्रम्पेट वाजवला होता आणि त्या बदल्यात दोन्ही कान देऊन टाकले होते. त्यांच्या दारावरची बेल वाजली की घरभर लाल दिवा लागायचा.

“ओरडू नका,” ते फुटीसाहेबांना म्हणाले. “माझ्याकडे तोंड करा. मी ओठ वाचतो.”

“काल कुणी आलं होतं?”

“आलं होतं ना. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, खिशात सारलेलं. म्हणाला, बायकोला बोलवा. मी म्हटलं, माझी तर वर गेली, तुमची कुठे आहे ते मला ठाऊक नाही.”

“गल्लीत आणखी कुठे विचारलं त्याने?”

“कुठेच नाही. मी खिडकीतच होतो. दारं मोजत यावं तसा आला आणि माझ्यापाशी थांबला. मी नाही म्हटल्यावर फोन बघितला, पाटी बघितली, परत फोन बघितला. ‘चौऱ्याहत्तरच ना?’ दोनदा विचारलं. मी म्हटलं, पाटी मी लावलेली नाही, नगरपालिकेने लावली आहे.”

“मग?”

आजोबांचा चेहरा उतरला. “मग समोरच्या पायरीवर बसला. अर्धा तास. काही करत नव्हता, नुसता बसला होता. माणसं वाट बघताना काहीतरी चाळा करतात हो, पाय हलवतात, नखं खातात. हा सिंहासारखा बसला होता. मी सिंह पाहिलेत. मी दाराला कडी घातली.”

“गेला कधी?”

“उठला, बेकरीच्या बाजूला गेला. तिथे वाकून त्याने काहीतरी उचललं. पिवळं.”

गल्लीतून परतताना काकू फुटीसाहेबांच्या बाहीला धरून चालत होत्या. लहानपणानंतर बहुधा पहिल्यांदाच.

“बूट उचललाय त्याने,” त्या म्हणाल्या.

“ते ऐकलं मी. पण दुसरंही ऐक. पेपर फुटला की मी आधी त्यातली चूक शोधायचो. बरोबर प्रश्न छापखान्यातून, केंद्रातून, शिपायाकडून, कुठूनही बाहेर येऊ शकतो. चूक मात्र ज्याच्या प्रतीत असते त्याच्याकडूनच बाहेर येते. त्याच्या फोनवर चौऱ्याहत्तर लिहिलं होतं. तू सांगितलं असतंस तर सत्तेचाळीस लिहिलं असतं. जांभळी चुकून कुणाशी बोलली असती, तरी सत्तेचाळीसच. रेकॉर्डरवर काय आहे?”

“सत्तेचाळीस. आज सकाळी पुन्हा ऐकलं.”

“टाइप केलेल्या कागदात?”

“काहीच नाही. नाव, नंबर, गल्ली, सगळं ती काढून टाकते. कागद तर अजून माझ्या कपाटात कुलपात आहे.”

फुटीसाहेब थांबले. “म्हणजे चौऱ्याहत्तर हा आकडा जगात कुठेच नाही. आणि तरी तो त्याच्या फोनवर आहे.”

३

ताईंच्या मधल्या खोलीत कॉम्प्युटर भिंतीकडे तोंड करून होता. पडद्याची पाठ दाराला. ताई पन्नाशीच्या, बारीक, बोलताना बोटं टेबलावर वाजवणाऱ्या. काकूंना बघून त्यांनी एकदम विचारलं, “माझ्याकडून काही झालं का?”

“तसं कुणी म्हटलंय का?”

“तुम्ही कधी न कळवता येत नाही, काकू.”

चष्मेवाले, म्हणजे त्यांचे यजमान, पलंगावर टेकून बसले होते. डोळ्यावर हिरवी पट्टी.

“मंगळवारी सव्वाअकराच्या सुमाराला घरात कोण होतं?” फुटीसाहेबांनी विचारलं.

“मी होतो,” चष्मेवाले म्हणाले. “हिच्या मागेच खुर्चीत. पण साहेब, समोर हत्ती आणून बांधलात तरी मी विचारीन, कपाट कधी घेतलं? आठ दिवस झाले, वर्तमानपत्रसुद्धा हीच वाचून दाखवते. तेही आपल्याला आवडेल तेवढंच.”

“अहो, गप्प बसा. ते कामासाठी आलेत.”

फुटीसाहेबांनी खिशातलं कार्ड काढून त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे धरलं. “काय लिहिलंय?”

“कार्ड आहे का ते? मला वाटलं बिस्किट देताय.”

तेवढ्यात धाकटा आला. ताईंचा दीर, शाळेत शास्त्र शिकवायचा. कॉम्प्युटर त्यानेच आणून जोडला होता, पासवर्ड त्यालाही ठाऊक होता. मंगळवारी तो दहाला शाळेत गेला आणि चारला आला, तसं हजेरीपुस्तकच सांगत होतं. तरी प्रश्न ऐकताच त्याच्या कपाळावर घाम आला.

“मला का विचारताय?”

“सगळ्यांना विचारतोय.”

“कॅमेऱ्यावर पट्टी मीच लावली. नवा कायदा आल्यापासून पोलिस दार न उघडता घरात शिरू शकतात, कॉम्प्युटरमधून. मी घरात केव्हाचा सांगतोय.”

“याचं नेहमीचंच आहे,” चष्मेवाले म्हणाले. “परवा फ्रिजकडे सुद्धा संशयाने बघत होता.”

“दादा, हसण्यावारी नेऊ नकोस.”

“तुम्हाला कशाची भीती?” फुटीसाहेबांनी विचारलं.

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं, मग खाली. “मी एका माणसाबद्दल लिहिलं होतं. कोठडीत मेला त्याच्याबद्दल. इंटरनेटवर, माझ्या नावाने. पण या कॉम्प्युटरवरून नाही. या घरातून तर एक अक्षरही नाही. मुद्दाम.” आणि चहाही न घेता तो बाहेर निघून गेला.

ताई दाराकडे बघत राहिल्या. बोटं टेबलावर वाजत होती, पण त्या वाजण्याला काही ताल नव्हता.

“मनात काही अडकलं की काय करता?” फुटीसाहेबांनी सहज विचारलं.

“टाइप करते,” त्या म्हणाल्या. “वाचते, पुसते. डोकं रिकामं होतं. कुणाला काही त्रास नाही.”

(बुधवार, सहा. दोन ओळी आल्या. दोन्ही गेल्या.)

४

गुरुवारी नऊ वाजता फुटीसाहेब पुन्हा गेले. दुसरा एक रेकॉर्डर आणि त्यावर स्वतःच्या आवाजातली खोटी साक्ष बरोबर होती.

“मंगळवारसारखंच करा. काहीही बदलू नका.”

ताईंनी हेडफोन चढवला. डोळे मिटले. फुटीसाहेब मागे उभे राहिले. बोटं पावसासारखी पडायला लागली आणि पडद्यावर त्यांचंच बोलणं उगवायला लागलं: ‘मी तिथे बहिणीकडे होते, एकसष्ट नंबरला...’

पडद्यावर होतं: १६.

वाक्य संपलं. ताईंनी डोळे उघडले, मागे जाऊन १६ चे ६१ केले. मग पूर्ण वाक्यच काढून टाकून तिथे लिहिलं: ‘मी एका नातेवाइकाकडे होते.’ मग सेव्हचं बटण दाबलं.

“हे काय झालं?”

“काय?”

“सोळा.”

“ते होय. आकडे माझे उलटे पडतात. एकसष्ट म्हणताना एक आधी ऐकू येतो ना, तर बोट एकावर आधी पडतं. वेगात टाइप करणाऱ्या सगळ्यांचंच होतं. मागून सुधारते मी.”

“नाव, पत्ता आधीच गाळून का नाही लिहीत?”

“मधे थांबून विचार केला तर पुढचं ऐकू येत नाही. कान आणि बोटं यांच्यामध्ये...” त्या थोड्या हसल्या. “आधी सगळं उतरवायचं, मग वाक्य झालं की पुसायचं. पुसल्याशिवाय सेव्ह करायचं नाही, हा काकूंचा नियम.”

“मंगळवारी जांभळीच्या पत्त्याचं वाक्य आलं, तेव्हा नंबर सुधारला होता?”

ताई आठवायला लागल्या. मग त्यांचं हसू गेलं. “नाही. ते वाक्यच काढायचं होतं. सुधारून काय करायचं? मी बघितलंही नाही काय पडलं होतं ते.”

सत्तेचाळीस. सात आधी, मग चार.

खोलीत पंखा फिरत होता.  तो आकडा रेकॉर्डरवर नव्हता, फाइलमध्ये नव्हता, कागदावर नव्हता. ज्यांच्या बोटांतून तो निघाला त्यांनीही तो पाहिला नव्हता. मागच्या खुर्चीतल्या माणसाला हत्ती दिसत नव्हता. अर्धा मिनिट तो आकडा या पडद्यावर राहिला आणि पुसला गेला. आणि तेवढ्या वेळात तो कुणीतरी वाचला.

खोलीत नसलेल्या कुणीतरी.

ताईंनी काही विचारायला तोंड उघडलं, तर फुटीसाहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. खिशातून पेन्सिल काढली, वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

बोलू नका. यंत्र ऐकत असेल. तुम्ही दाबता ते प्रत्येक अक्षर कुणीतरी घेतंय. पुसलेलंसुद्धा.

ताईंनी ते एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग खूप सावकाश, तापल्या तव्यावरून हात उचलावेत तसे दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि पदराखाली लपवले.

त्यांचे ओठ हलले. आवाज न करता त्यांनी विचारलं, “पुसलेलं सगळं?”

५

पुढचं सगळं पेन्सिलीने झालं.

फुटीसाहेबांनी लिहिलं: आणखी एकदाच टाइप करा. मग कधीही नाही केलंत तरी चालेल.

ताईंनी मान हलवली. नाही.

त्यांनी लिहिलं: ती पोर एका बुटावर पळाली.

ताई उठून स्वयंपाकघरात गेल्या, पाणी प्यायल्या, परत येऊन बसल्या. हात पुसले. फुटीसाहेबांनी कागदावर एक वाक्य लिहून दिलं. त्यात काकूंनी सांगितलेलं जांभळीचं खरं नाव होतं आणि एक पत्ता होता: गोदामगल्ली, बंद परीक्षा भांडार, मागचं दार. ही जागा त्यांनी काकूंनासुद्धा अजून सांगितली नव्हती. बावीस वर्षं ते चौकशीसाठी तिथले प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे तपासत होते. आता तिथे उंदीर होते आणि जुनी बाकं.

ताईंनी ते वाक्य टाइप केलं. नऊ सेकंद ते पडद्यावर राहिलं. मग एकेक अक्षर मागे मागे जात नाहीसं झालं. कागदाचे तुकडे करून फुटीसाहेबांनी चहाच्या कपात भिजवले आणि लगदा खिशात घातला.

(गुरुवार, दहा वाजून चार मिनिटं. एक ओळ आली. एक ओळ गेली.)

बाहेर रस्त्यावर येईपर्यंत ते कुणाशी बोलले नाहीत. मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी काकूंना फोन केला. “जांभळीच्या वकीलबाईंना घे. कोर्टाचा बेलिफ मिळाला तर त्याला घे. बाकी भेटल्यावर.”

साडेअकराला चौघं भांडारात होती; कुठे जायचं ते फुटीसाहेबांनी वाटेत कुणालाच सांगितलं नव्हतं. बेलिफ जाडजूड, कुरकुरणारा. “कशाची वाट बघतोय आपण?”

“माहीत नाही,” फुटीसाहेब म्हणाले. “कुणी आलं नाही तर माझं म्हातारपण समजा.”

बारा वाजले. एक वाजला. बेलिफने डबा उघडून दोन पोळ्या खाल्ल्या. वकीलबाई कुजबुजल्या, “त्याचा संबंध नसेल तर?” काकूंनी दाराच्या फटीतून गल्लीत पाहिलं. त्यांना वाटत होतं, तो येऊ नये. आणि वाटत होतं, नाही आला तर आजपासून प्रत्येक घराच्या दारात तोच उभा असेल.

दोन वाजून वीस मिनिटांनी मागच्या गल्लीत पावलं वाजली. घाई नव्हती. दारं मोजत यावं तशी आली आणि थांबली.

दारावर हळूच टकटक झाली. तीनदा.

६

दार फुटीसाहेबांनी उघडलं.

इस्त्रीचा शर्ट. शांत, गुळगुळीत दाढी केलेला चेहरा. हातात पिवळा बूट.

“नमस्कार. माझी मंडळी आत आहेत ना? हा बूट द्यायचा होता. पोरगी एका बुटावर हिंडत असेल.”

त्याचा आवाज शेजाऱ्यासारखा साधा होता. मग त्याला मागचा बेलिफ दिसला, वकीलबाई दिसल्या. चेहरा बदलला नाही. फक्त बूट खाली आला.

“हा पत्ता तुम्हाला कुणी दिला?” फुटीसाहेबांनी विचारलं.

“कुणीतरी सांगितलं.”

“कुणी? साडेअकरापर्यंत हा पत्ता जगात दोनच माणसांना माहीत होता. मला आणि एका बाईंना. आम्ही दोघांनी तो तोंडाने उच्चारला नाही. कागद माझ्या खिशात आहे, लगदा होऊन. हा पत्ता एकदाच लिहिला गेला, एका घरातल्या कॉम्प्युटरवर, आज दहा वाजून चार मिनिटांनी. नऊ सेकंदांनी पुसला. सेव्ह केला नाही. मंगळवारीही तसंच झालं, फक्त तेव्हा त्यात चूक होती, आणि चुकीसकट तो तुमच्याकडे पोहोचला. म्हणून तुम्ही एका बहिऱ्या म्हाताऱ्याच्या दारात गेलात. त्या घरात जी अक्षरं उमटतात, ती तुमच्या खुर्चीपुढे उमटतात. बरोबर?”

तो माणूस हसला. समजूत काढावी तसा.

“साहेब, मी कुणाच्या घरात चोरून शिरलेलो नाही. त्या घरावर आदेश आहे. रीतसर, सहीचा. मास्तर काय काय लिहितो ते बघायचं आमच्याकडे काम आहे. घरातले संगणक म्हणजे सगळे आले. त्यात माझ्या बायकोचं नाव उमटलं, तर मी डोळे मिटून घ्यायचे होते का?”

“आपोआप दिसलं?”

“नाव आलं की घंटी वाजते. तशी सोय असते.”

“आणि ती सोय तुमच्या बायकोच्या नावावर लावायचा आदेश कुणाचा होता?”

त्याने पहिल्यांदाच मागे गल्लीकडे पाहिलं. बेलिफ डबा बाकावर ठेवून पुढे झाला. एवढ्या जाड माणसाला इतक्या चटकन दार अडवता येईल असं कुणाला वाटलं नसतं.

“तिच्यापासून लांब राहायचा हुकूम तुमच्यावर आहे,” बेलिफ म्हणाला. “मी स्वतः बजावला होता, आठवतंय? तुम्ही मला चहा विचारला होता. आता ती इथे आहे असं समजून, तिच्यासाठी बूट घेऊन तुम्ही आलात. मी साक्षीदार.”

काकूंनी त्याच्या हातातून बूट काढून घेतला. 

७

शनिवारी अकरा वाजता जांभळीने साक्ष दिली. दोन दात नव्हते, तरी प्रत्येक शब्द शेवटच्या बाकापर्यंत कळला.

त्यानंतर नवऱ्याच्या वकिलाने तीन छापील पानं कोर्टापुढे ठेवली. अशिलाने जे वाचलं ते कामाचा भाग म्हणून वाचलं, हे दाखवायला. तारीख, वेळ, मजकूर. पुसलेल्या मजकुरावर आडवी रेघ. वकील खणखणीत आवाजात वाचत गेला.

“बुधवार, पावणेदहा. ‘काकू, तुमचा माझ्यावर विश्वास राहिला नसेल तर तसं सरळ सांगा.’ पुसलेलं.”

काकूंनी ताईंचा हात धरला.

“बुधवार, सहा. ‘अहो, तुम्हाला तोंडाने सांगायची हिंमत होत नाही. मला वाटतं, हे धाकट्यानेच केलं असावं.’ पुसलेलं.”

धाकटा दुसऱ्या बाकावर बसला होता, दोन दिवस झोप नसलेल्या डोळ्यांनी. हे सगळं आपल्यामुळे झालं, असं तो वहिनीला शंभरदा म्हणाला होता. आता त्याने मान वळवून वहिनीकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला, एखाद्या घरात चुकून शिरल्यासारखा.

“पुसलं होतं रे मी,” ताई म्हणाल्या. “लगेच पुसलं होतं.”

जांभळीचा नवरा आता कोठडीत आहे. त्याच्या खात्याला वकीलबाईंनी विचारलं, त्या कॉम्प्युटरमध्ये घातलेलं काढलं का? उत्तर एका ओळीचं आलं: असं काही आहे अथवा होतं, हे सांगता येत नाही. म्हणून कॉम्प्युटर बदलला. मग इंटरनेटची जोडणी बदलली. मग कशालाच काही अर्थ वाटेना, तेव्हा धाकट्याने दुसरीकडे खोली घेतली. जाताना तो कॅमेऱ्यावरच्या पट्टीच्या जागी नवी पट्टी लावून गेला. वहिनीशी बोलला, पण तोलूनमापून, आधी मनात सुधारून घेतलेलं.

चष्मेवाल्यांची पट्टी निघाली. आता त्यांना लांबचं सगळं स्वच्छ दिसतं. ते मागच्या खुर्चीत बसतात आणि बायकोची बोटं बघतात.

काकू अजून रेकॉर्डर घेऊन येतात. ताई हेडफोन चढवतात, डोळे मिटतात. आवाज सुरू होतो, बोटं सुरू होतात. मग एखादीचं नाव येतं, आणि बोटं हवेतच थांबतात. आवाज पुढे जातो. ताई रेकॉर्डर मागे घेतात. पुन्हा ऐकतात. पुन्हा थांबतात. एका जबाबाला आता तीन दिवस लागतात.

(सोमवार, साडेदहा. ओळ आली नाही.)

धाकट्याच्या नावाने निघालेल्या त्या आदेशाची साठ दिवसांची मुदत, चौऱ्याहत्तर नंबरची बेल वाजली त्याच्या एकोणीस दिवस आधी संपली होती.